फळीचं आतलं टोक

१

पेंटर पडला तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि घड्याळातल्या तीनच्या आकड्याचा रंग अजून ओला होता.

जुन्या गोदामाच्या तिसऱ्या मजल्यावरून एक लोखंडी हात रस्त्यावर बाहेर आलेला आहे. त्याच्या टोकाला एक दुतोंडी घड्याळ टांगलेलं आहे. त्याचे आकडे रंगवायला पेंटरनं खोलीच्या खिडकीतून एक लांब फळी बाहेर काढली होती. फळीचं एक टोक हवेत, दुसरं खोलीत. हवेतल्या टोकावर तो स्वतः उभा. आतलं टोक कशानं तरी दाबून धरावं लागतं, हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

लोक धावत वर गेले तेव्हा ते आतलं टोक रिकामं होतं. कमरेला बांधायचा दोर पिशवीत तसाच गुंडाळलेला होता.

पेंटरची बायको माझ्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करते. मी एकटी राहते. नोकरी संपून चार वर्षं झाली. कधीकधी दिवसभरात मी फक्त दूधवाल्याशी बोलते, तेही 'अर्धा लिटर' एवढंच. तिच्या मशीनचा आवाज जमिनीतून वर यायचा, त्यावरून घरात दुपार झाली की नाही ते कळायचं. पाच दिवस तो आवाज नव्हता. सहाव्या दिवशी ती दारात उभी राहिली.

"बाई, नवरा तर गेलाच. आता भाऊ पण उचलून नेलाय."

मी तिला आत घेतलं. खुर्चीवर रद्दी होती, ती उचलून खाली ठेवली. त्या खुर्चीवर बऱ्याच दिवसांत कोणी बसलं नव्हतं.

भाऊ म्हणजे पेंटरचा मेहुणा. सात वर्षं दोघं जोडीनं काम करत. मेहुणा अंगानं भरलेला, ऐंशी किलोचा. पेंटर बाहेर रंगवायचा आणि मेहुणा आतल्या टोकावर बसायचा. एवढंच त्याचं काम. पेंटर त्याला चारचौघांत 'वजन' म्हणून हाक मारायचा. "माझं वजन आहे म्हणून मी टिकून आहे," असं म्हणून स्वतःच हसायचा.

"त्या दिवशी सकाळी भांडले दोघं," ती म्हणाली. "भावाला ब्रश हातात हवा होता. हे म्हणाले, तू बसायचं काम कर. पोलीस म्हणतात, तो रागानं उठला. उठला म्हणून हे पडले."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मी आठलाच निघून गेलो. नदीवर जाऊन बसलो. पण बघणारं कोणी नाही, बाई. एकट्या माणसाला साक्षीदार कुठून मिळणार?"

मी चपला घातल्या.

२

इन्स्पेक्टर माझा विद्यार्थी निघाला. डिप्लोमाला असताना तो माझ्या विषयात दोनदा नापास झाला होता, आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसण्याऐवजी पोलिसांत गेला. मला बघून तो खुर्चीतून उठला, तो आदरानं की जुन्या भीतीनं, सांगता येणार नाही. पोरं मला मोमेंटबाई म्हणायची. बलाचं मोमेंट, म्हणजे वजनाचा टेकूभोवती फिरवण्याचा जोर, कसं काढायचं, हे मी एकतीस वर्षं शिकवलं.

"बाई, केस सरळ आहे," तो म्हणाला. "समोरच्या किल्लीवाल्यानं पडताना बघितलंय. तो म्हणतो, माणूस घसरला नाही. फळीच बाहेरच्या बाजूला कलली, माणूस गेला, आणि फळी परत जागेवर आली. म्हणजे आतलं वजन गेलं. कोणाचं वजन? त्याचं टोपणनावच वजन आहे!"

"रेतीची पोती नव्हती का?"

"कंत्राटदार म्हणतो, दोन पोती वर पोचवली होती. मेहुण्यानंच काढून टाकली असतील."

"मेहुणा तिथं होता हे कोणी सांगितलं?"

"घड्याळवाल्या काकांनी. वरच असतात ते, घड्याळाला किल्ली देतात, तेल घालतात. मी विचारलं, मेहुणा पळून खाली उतरताना बघितलात का? ते म्हणाले, हो, उतरला. मग विचारलं, नंतर कोणी वर आलं? म्हणाले, कोणी नाही."

"किती वाजता उतरला, ते विचारलंस?"

तो समोरचे कागद चाळू लागला. तोंडी परीक्षेतही तो असेच कागद चाळायचा.

"मला ती खोली बघायची आहे," मी म्हटलं. "आणि पेंटरचं वजन किती होतं, ते तुझ्या कागदात असेल. ते दे."

चौसष्ट किलो. बादली, रंग आणि ब्रश मिळून सहा. मी वहीत सत्तर लिहिलं.

३

गोदामाच्या जिन्याखाली पहिल्याच वळणावर मला दोन पोती दिसली. रेतीची, तोंड शिवलेली. दोन्हींवर मिळून कोळ्यानं जाळं विणलं होतं, ते धुळीनं काळं पडलं होतं आणि कुठंही तुटलेलं नव्हतं.

"हे एका आठवड्याचं जाळं नाही," मी म्हटलं.

इन्स्पेक्टरनं तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला. कंत्राटदारानं आधी आवाज चढवला. मग, माणसं मिळाली नाहीत, पेंटरला घाई होती, असं बरंच काही सांगितलं. पोती वर गेलीच नव्हती.

"मग तर मेहुण्याचंच नक्की झालं," इन्स्पेक्टर फोन ठेवत म्हणाला. "पोती नव्हती म्हणजे माणूस होता."

"माणूस होता, हे खरं," मी म्हटलं. "पेंटरनं दोन, तीन आणि चार हे आकडे पुरे केलेत. खिडकीतून बघितलं तर तेच भिंतीपासून सगळ्यात लांब आहेत. म्हणजे तो फळीच्या पार टोकाशी दोन तास उभा होता. आत कोणीच नसतं तर दोन पावलांतच खाली गेला असता."

घड्याळाची खोली ठेंगणी होती. भिंतीतून घड्याळाचा दांडा बाहेर गेला होता. खिडकीसमोर आडवी लाकडी तुळई, इतकी खाली की मला वाकावं लागलं. कोपऱ्यात एक घंटा, एक खाट, एक स्टो, एक कप. भिंतीवर तारखा लिहिलेल्या होत्या, तेल घातल्याच्या. शेकडो. दुसरं काहीच लिहिलेलं नव्हतं.

घड्याळवाले काका खाटेवर बसले होते. पंचाहत्तरीचे असतील. काटकुळे, कपाळावर चिकटपट्टी.

"काका, कपाळाला काय झालं?" मी त्यांच्या डाव्या बाजूनं विचारलं.

"हो, हो," ते हसून म्हणाले. "चाळीस वर्षं झाली."

मी उजव्या बाजूला गेले आणि तेच पुन्हा विचारलं.

"जिन्यात आपटलो," ते म्हणाले. आता हसले नाहीत.

इन्स्पेक्टरकडे वळून मी हळू म्हटलं, "डाव्या कानानं ऐकू येत नाही. घंटेनं गेला असेल. तू त्यांना कुठल्या बाजूनं विचारलं होतंस?"

त्यानं खाटेकडे बघितलं, मग दाराकडे. खाटेवर बसलेल्याच्या डाव्या हाताला दार होतं.

"काका," मी उजव्या कानाशी वाकले. "मेहुणा खाली उतरला तेव्हा किती वाजले होते?"

"आठचे टोले पडत होते."

इन्स्पेक्टरनं टोपी काढून हातात घेतली. दोन तास वीस मिनिटं आधी! मग पेंटरनं ते दोन तास कोणाच्या वजनावर काढले?

४

फळी पोलिसांनी होती तशीच ठेवली होती. मी टेप लावला. एकूण सोळा फूट. खिडकीच्या उंबऱ्याबाहेर साडेसहा, आत साडेनऊ. गोदामाच्या काट्यावर नेऊन वजन केलं तर फळी तीस किलोची भरली. मग पुन्हा होती तशी लावून मी गुडघे टेकून तिच्याकडे बघत बसले. गुडघे दुखले, पण असं काम चार वर्षांत मिळालं नव्हतं.

फळीवर जुन्या चुन्याची धूळ होती. नऊ फुटांवर, म्हणजे अगदी आतल्या टोकाशी, माणूस बसेल एवढी जागा पुसलेली होती. पण पुसलेलं तिथं थांबत नव्हतं. खिडकीच्या दिशेनं एक सलग पट्टा आला होता, कोणी बसल्या बसल्या सरकावं तसा. सात फुटांवर तो संपत होता. त्याच्या पुढं धूळ जशीच्या तशी.

मी वर बघितलं. सात फुटांच्या बरोबर वर तुळई होती. तिच्यावर वर्षानुवर्षांची काजळी, आणि त्या काजळीत वाटीएवढा एक ठिपका पुसलेला. ठिपक्यात दोन पांढरे केस अडकले होते.

मी वही उघडली.

"इकडे ये," मी इन्स्पेक्टरला म्हटलं. "दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, कडेला ढकललं तर हलकं. का?"

"अंतर, बाई."

"तेवढं लक्षात आहे म्हणजे पुष्कळ झालं. नुसतं वजन बघायचं नाही. वजन टेकूपासून किती लांब आहे, त्यानं गुणायचं. इथं टेकू म्हणजे हा उंबरा. पेंटर सत्तर किलो, सहा फूट बाहेर. किती झालं?"

"चारशे वीस."

"फळी तीस किलोची. तिचा मध्य आठ फुटांवर, म्हणजे उंबऱ्याच्या आत दीड फूट. ती आपल्या बाजूनं पंचेचाळीस देते. उरले तीनशे पंचाहत्तर. तेवढे आत बसलेल्या माणसानं द्यायचे. मेहुणा ऐंशी किलोचा. तो नऊ फुटांवर बसला तर सातशे वीस. भरपूर."

"पण तो उठला तर शून्य."

"उठला तर. पण बसलेला माणूस उठला नाही. वर बघ. फळी कलली तेव्हा आतली बाजू वर उचलली गेली, आणि तिच्यावरच्या माणसाचं डोकं तुळईला लागलं. उठून बाजूला झालेल्याचं कसं लागेल? माणूस फळीवर होता, आणि तरीही फळी गेली."

"असं कसं होईल? वजन तर तेवढंच होतं."

"वजन तेवढंच होतं. अंतर कमी झालं. तो सरकत सात फुटांवर आला. आता मेहुण्याला सात फुटांवर बसव. ऐंशी साते पाचशे साठ. फळी हलतसुद्धा नाही. कंत्राटदार तर, तूच म्हणालास, शंभराच्या वरचा. सात फुटांवर बसलेल्या माणसासकट फळी कलायची, तर त्या माणसाचं वजन..." मी भागाकार करून दाखवला. "साडेत्रेपन्न किलोच्या आत हवं."

इन्स्पेक्टरनं खाटेकडे बघितलं. मीही बघितलं. काकांना आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. ते एका चिंधीनं तेलाची बुधली पुसत बसले होते.

"पन्नास तरी भरतील का?" तो पुटपुटला.

पन्नास नवे साडेचारशे. टोकाशी बसले असताना पेंटर सुरक्षित होता. साडेसात फुटांच्या आत आले, तिथं हिशेब फिरला; पुढचा अर्धा फूट कलत्या फळीनंच त्यांना घसरवत नेलं. दीड फूट. आयुष्यभर मी उत्तराखाली दोन रेघा ओढत आले. त्या दिवशी माझ्या हातून एकही ओढली गेली नाही.

५

"मी बोलते," मी म्हटलं. "तू जिन्यात थांब."

खाटेवर मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले.

"काका, पेंटरनं तुम्हाला फळीवर बसायला सांगितलं होतं ना?"

त्यांनी बुधली खाली ठेवली. मग एकदम म्हणाले, "मी उठलो नाही. आईची शपथ. तो म्हणाला, आजोबा, मेहुणा रुसून गेलाय, दोन तास बसाल का, फक्त उठू नका. मी उठलो नाही! पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही."

"मला माहीत आहे."

"मग फळी का गेली?"

सहा दिवस हा माणूस इथं एकटा बसून हाच प्रश्न स्वतःला विचारत होता. लपवत होता असंही नाही. इन्स्पेक्टरनं 'कोणी वर आलं का' विचारलं. कोणी आलं नव्हतंच. ते आधीपासून वरच होते.

"तुम्ही पुढं सरकलात का, काका?"

"सरकलो ना. थोडासा." त्यांनी हातानं अंतर दाखवलं. "तो बोलत होता. रंगवता रंगवता सारखा बोलत होता. इथं कोणी येत नाही, बाई. कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येतो, सही घेऊन जातो. मला सगळं ऐकायचं होतं. वाऱ्यानं अर्धं उडून जायचं. मी 'काय?' म्हटलं. त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा 'काय?' म्हटलं. तिसऱ्यांदा 'काय' म्हणायची लाज वाटली. ऐकू येत नाही असं कळलं की माणसं बोलायचीच थांबतात. म्हणून थोडा थोडा सरकत गेलो. उठलो नाही."

खाली रस्त्यावर एक हातगाडी खडखडत गेली. ती गेल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, माझ्यामुळं गेला का तो?"

मी आकड्यांची बाई. चुकीच्या उत्तराला अर्धे मार्क मी कधी दिले नाहीत. पण पंचाहत्तरीच्या माणसाला खरं सांगून काय मिळणार, असंही मनात आलं. आणि न सांगून? नदीवर बसलेला मेहुणा कोठडीत सडला असता, आणि हे इथं रोज फळीकडे बघत राहिले असते.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही पुढं आलात तशी फळी हलकी झाली. पण तसं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पोती वर यायला हवी होती, ती आली नाहीत. दोर कमरेला हवा होता, तो पिशवीत होता. त्यानं 'उठू नका' म्हटलं, 'सरकू नका' म्हटलं नाही. हे सगळं एकत्र आलं. त्यात तुमचा वाटा दीड फुटाचा."

ते रडतील असं वाटलं होतं. रडले नाहीत. त्यांनी नुसता एक लांब श्वास सोडला, जड पेटी खाली ठेवणाऱ्यानं सोडावा तसा.

"त्याच्या बायकोला मीच सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही नका सांगू."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणा सुटला. कंत्राटदारावर पोती न पुरवल्याचा गुन्हा लागला. काकांचा जबाब इन्स्पेक्टरनं उजव्या बाजूला बसून पुन्हा घेतला, आणि शेवटी 'अपघात' असं लिहिलं.

संध्याकाळी चारच्या सुमाराला काका शिवणवालीच्या घरी आले. तीन जिने उतरून, अर्धं गाव चालून. मी त्यांच्याबरोबर होते, कारण एकट्यानं दार वाजवायला त्यांचा हात उचलत नव्हता.

ती दाराशी आली. मागं मेहुणा जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. काका उभ्यानंच सगळं बोलले. पाठ केल्यासारखं, एका दमात, एकही शब्द न वगळता. मी सरकलो, फळी गेली, माझ्यामुळं.

मेहुणा उठला. त्याच्या मुठी वळलेल्या मला दिसल्या. त्यानं या म्हाताऱ्यापायी दोन रात्री कोठडीत काढल्या होत्या, आणि त्याच्या जागी बसलेला माणूस त्याच्यासमोर उभा होता.

"काय बोलत होते ते?" शिवणवालीनं विचारलं. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "शेवटी. तुम्ही सरकलात तेव्हा."

काकांनी उजवा कान पुढं केला. तिनं पुन्हा विचारलं.

"तोच तोच प्रश्न विचारत होता तो," काका म्हणाले. "मला ऐकू येत नव्हता. जवळ गेलो तेव्हा आला. म्हणत होता, आजोबा, बसून बसून कंटाळलात का?"

मग मेहुणा मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो हुंदके देऊ लागला.

"सात वर्षं," तो म्हणत होता. "सात वर्षांत मला एकदा नाही विचारलं. त्या दिवशी मी ओरडलो त्याच्यावर, मला विचारतोस का कधी म्हणून. आणि गेलो निघून."

शिवणवालीनं भावाच्या पाठीवर हात ठेवला. काकांना स्टूल दिलं. ते अवघडून कडेवर टेकले.

"मग तुम्ही काय म्हणालात?" तिनं विचारलं.

"मी म्हटलं, नाही. अजिबात नाही. बोल तू."

"त्यांनी ऐकलं?"

"हसला तो. माझ्याकडे बघून हसला. मग..."

"मगचं नको," ती म्हणाली. "आधीचं सांगा. आठपासूनचं. काय काय बोलले ते सगळं. तुम्हाला जेवढं ऐकू आलं तेवढं."

काका सांगू लागले. सुरुवातीला अडखळत, मग सावकाश. रंग कुठला लवकर वाळतो. लहानपणी पेंटरला घड्याळ बघता येत नसे म्हणून मार कसा बसला. बायकोला पिवळा रंग आवडत नाही, तरी घरात पिवळाच कसा उरतो. ती मधेच हसली, आणि हसता हसताच तिनं पदरानं डोळे पुसले. मेहुण्यानं मान वर केली होती.

हे त्यांच्या घरातलं होतं. माझं काम संपलं होतं. मी आवाज न करता दाराकडे निघाले आणि चपला शोधू लागले.

"बाई, कुठं निघालात?" ती आतून म्हणाली. "बसा की. अजून साडेआठच वाजलेत त्यांचे."

घरात आणखी खुर्ची नव्हती. मी मेहुण्याच्या शेजारी जमिनीवर बसले. तो थोडा बाजूला झाला, मला भिंत मिळावी म्हणून.